घाबरलं की मूठ आवळते : नव्या दुचाकीवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : वय ३६, सायकलपण कधी चालवली नाही. पुण्यात आनंदनगरहून डेक्कनला ऑफिस, रिक्षा रोज परवडत नाही. आता स्कूटी जमेल का?

जमेल हो ताई. फक्त आधी बॅलन्स, इंजिन नंतर. रविवारी सकाळी एखादं मोकळं मैदान बघा, जरासा उतार असला तर बेस्टच, गाडी बंदच ठेवायची, सीटवर बसून दोन्ही पायांनी ढकलत ढकलत जायचं आणि मग हळूहळू पाय उचलायला लागायचं. हे जमलं की मगच किल्ली फिरवा.

नवीन माणूस बॅलन्स गेल्यामुळे कमी आणि रेसमुळे (उजव्या मुठीतल्या ॲक्सिलरेटरमुळे) जास्त पडतो, हे मी इतकी वर्षं शिकवताना बघतोय. समोर कुत्रं आलं की घाबरतो, घाबरलं की मूठ आवळते, मनगट खाली जातं आणि नेमकी रेस वाढते, गाडी उडी मारते, आणि गाडी उडाली म्हणून आपण अजूनच घट्ट धरतो! म्हणून मूठ धरतानाच मनगट खाली, सपाट ठेवा. वर उचललेलं असेल तर ते झटक्यात खाली येणारच. आणि चालू गाडीच्या शेजारी उभं राहून ती पार्किंगमधून काढायची नाही म्हणजे नाही, माझी स्वतःची गाडी अशीच भिंतीवर गेलीये, आणि तेव्हा मी लोकांना शिकवत होतो.

हे सगळं मैदानावर, रस्त्यावर यायच्या आधी लर्निंग लायसन्स हवंच. ते सहा महिने चालतं आणि ३० दिवस झाले की पक्क्याची टेस्ट देता येते. फक्त विनागिअरचं काढलंत तर भावाची बाईक चालवता येणार नाही, तेवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : आंबेगावातून हिंजवडीला रोज जाऊन-येऊन साधारण ५० किमी. स्कूटर घेऊ की बाईक? ॲव्हरेज कुठलं चांगलं?

ॲव्हरेज सगळे विचारतात, चाकाचं कोणी विचारत नाही. स्प्लेंडर, शाईनसारख्या बाईकची चाकं १८ इंची, ॲक्टिव्हाचं पुढचं १२ आणि मागचं १०. लहान चाक खड्ड्यात पार खाली जातं, मोठं वरून निघून जातं, रोज ५० किमीला हा फरक कंबरेला कळतो. त्यामुळे मी बाईकच म्हणेन, ११० ते १२५ सीसी भरपूर झाली. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून डावा हात भरून येतो हे खरंय, आणि डिकी नाही म्हणजे डबा आणि रेनकोट पाठीवर. तरीपण बाईकच.

तुमच्या वाटेतल्या नवले पुलाच्या उतारावर मात्र जपून. तिथे ब्रेक फेल झालेल्या ट्रकचे अपघात सारखे होतात, तेव्हा जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे तोच धरा, आणि ट्रकच्या डाव्या बाजूला लागून कधी चालवू नका, ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही.

प्रश्न : ओळखीतल्यांची सहा वर्षं जुनी स्कूटर मिळतीये. काय बघू?

ओळखीतलं आहे म्हणून कागदाचं राहून जातं, मग त्यांच्या नावावर तुमची चलनं जातात आणि ओळख संपते. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) घ्या, त्यावर लोन चढलेलं असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र), ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत इन्शुरन्स नावावर करायला टाका. आधीची चलनं नंबर टाकून ऑनलाइन दिसतात. गाडी सकाळी इंजिन थंड असताना बघायला जा, गरम करून ठेवलेली कुठलीही गाडी एका बटणात चालू होते.

प्रश्न : बाबा म्हणतात पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील. खरं का?

बाबांना कधीतरी वाळूवर किंवा ओल्या वळणावर फटका बसला असणार! तिथे बरोबर आहे त्यांचं. पण सरळ कोरड्या रस्त्यावर ब्रेक मारला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणजे खरं थांबवणारा ब्रेक पुढचाच. नुसता मागचा दाबला तर चाक लॉक होऊन गाडी सरकते. दोन्ही एकदम, आणि पुढचा झटका न देता, लिंबू पिळल्यासारखा दाबत न्यायचा. एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक स्कूटरला डावा, म्हणजे मागच्या ब्रेकचा लिव्हर दाबला की थोडा पुढचाही लागतो, तरी उजव्या हाताला पुढच्या ब्रेकची सवय हवीच. पहिल्या पावसात मात्र झेब्रा पट्टे आणि ड्रेनेजची झाकणं दिसली की वेग त्याच्या आधीच कमी करा, त्यांच्यावर गेल्यावर ब्रेकला हात लावू नका.