रेकॉर्डिंग सहाव्या मिनिटाला थांबवा

प्रश्न : नव्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या संस्थापकांना मी मार्गदर्शन करते. सध्याच्या तुकडीत ११ जण आहेत, सगळे अभियंते. विक्रीवर मी त्यांची सहा व्याख्यानं घेतली. पिच (उत्पादनाची थोडक्यात मांडणी), फनेल (चौकशीपासून खरेदीपर्यंतचे टप्पे), किंमत कशी ठरवायची, सगळं झालं. वह्या भरल्या, पण तीन महिन्यांत एकालाही नवा ग्राहक मिळाला नाही. डेमो होतो, समोरचा ‘छान आहे’ म्हणतो आणि गाडी तिथेच अडते. ताई, माझं शिकवणं कुठे चुकतंय? की विक्री हा अंगचाच गुण लागतो?

उत्तर : विक्री शिकवता येते. मी नऊ वर्षं कोड लिहिला आणि त्यानंतर विक्री शिकले, म्हणून हे खात्रीने सांगते. मात्र व्याख्यानातून ती येत नाही. पुढच्या वेळी फळा बाजूला ठेवा. प्रत्येकाला ग्राहकाशी झालेल्या एका खऱ्या बोलण्याचं रेकॉर्डिंग आणायला सांगा, अर्थात ग्राहकाची परवानगी घेऊन. मग ते सगळ्यांनी मिळून ऐका, थांबवत थांबवत.

माझ्या एका तुकडीतला प्रसंग सांगते. एका संस्थापकाचं सॉफ्टवेअर गोदामातला साठा आणि बिलं यांचा ताळमेळ घालायचं. रेकॉर्डिंग ४० मिनिटांचं होतं. सहाव्या मिनिटाला समोरच्या बाई म्हणाल्या, “आत्ता आम्ही हे एक्सेलमध्येच करतो. महिनाअखेरीला दोन दिवस त्यातच जातात.” त्यावर हा उत्साहाने म्हणाला, “एक्सेलमधून डेटा घेण्याची सोय आहे ना आमच्याकडे, दाखवतोच!” आणि पुढची २० मिनिटं स्क्रीन शेअर.

मी तिथेच थांबवलं. विचारलं, “बाई काय म्हणाल्या?” तो म्हणाला, “एक्सेल वापरतात.” पुन्हा लावलं. त्याचं तेच उत्तर. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मागे बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली, “दोन दिवस जातात म्हणाल्या त्या.”

खोलीत शांतता पसरली. ग्राहकाने आपलं दुखणं आपणहून सांगितलं होतं आणि ते याच्या कानावरून गेलं होतं. ते दोन दिवस कोणाचे जातात? तेवढ्यात कोणती कामं खोळंबतात? मागच्या वेळी आकडा चुकला तेव्हा काय झालं, कोणाला जाब द्यावा लागला? यातलं काहीच त्याने विचारलं नव्हतं. मी त्याला त्या बाईंना पुन्हा फोन करायला लावला, फक्त हे प्रश्न घेऊन, लॅपटॉप बंद ठेवून. बाई पाऊण तास बोलल्या. आधीच्या महिन्यात चुकीच्या आकड्यावर मालाची दुबार ऑर्डर गेली होती, आणि निर्णय त्यांच्या हातात नसून वित्तप्रमुखांच्या हातात होता, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

अभियंत्यांना ‘बोलके व्हा’ असं सांगू नका. ते बोलतातच, आणि फार बोलतात. अडचण ऐकली की उत्तर सुचणं हा त्यांच्या कामातला गुण आहे, इथे मात्र तोच आड येतो. मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगते : बग रिप्रोड्यूस झाल्याशिवाय, म्हणजे कोडमधली चूक पुन्हा घडवून पाहिल्याशिवाय, तुम्ही कोडला हात लावता का? मग ग्राहकाची अडचण पुरती उभी राहण्याआधी डेमो कसा लावता? हे त्यांना लगेच पटतं.

हे केवळ माझं मत नाही. विक्रीचे अभ्यासक नील रॅकहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ वर्षांत ३५,००० विक्री-संभाषणांचा अभ्यास केला. यशस्वी भेटींत ग्राहक जास्त बोलत होता. मोठ्या व्यवहारांत कुशल विक्रेते अडचणीचे परिणाम काय होतात हे खोदून विचारत होते, आणि ‘आता सही कराच’ अशा दबावाच्या युक्त्या उलट अंगाशी येत होत्या. संकोची माणसाला हे सांगा, त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरतं.

आता ‘छान आहे’बद्दल. तो बहुतेक वेळा सभ्य नकार असतो. मी स्वतः यात पाच महिने घालवले आहेत. एका कंपनीतले अभियंते आमच्या उत्पादनावर खूश होते, दर आठवड्याला नवी सूचना करायचे आणि मी ती पुरी करून द्यायचे. शेवटी कळलं की खरेदी विभागाला आमचं नावही माहीत नव्हतं, त्या वर्षाचं बजेट केव्हाच ठरून गेलं होतं. तेव्हापासून माझा दुसऱ्या भेटीतला ठरलेला प्रश्न असतो : “हे घ्यायचं ठरलंच, तर आजपासून पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) निघेपर्यंत तुमच्याकडे काय काय होतं आणि कोणाकोणाची सही लागते?” विचारायला जीभ अडखळते. म्हणून वर्गात जोड्या लावून हा प्रश्न मोठ्याने म्हणायला लावा, दहा-दहा वेळा. किंमत सांगण्याचाही असाच सराव घ्या. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. नवखा माणूस तीन सेकंदांत स्वतःच सवलत देऊन मोकळा होतो.

फुकट पायलट, म्हणजे ग्राहकाला चाचणीपुरता मोफत वापर, शक्यतो नको. द्यावाच लागला तर कोणता निकाल दिसला की ग्राहक पैसे भरणार, ते तारखेसह आधी लिहून घ्या.

प्रश्न : आम्ही दोघं संस्थापक, दोघंही प्रोग्रॅमर. विक्रीसाठी अनुभवी माणूस नेमून आम्ही उत्पादनावर लक्ष द्यावं का?

उत्तर : आत्ता नको. व्हेरिटास सॉफ्टवेअरचे प्रमुख राहिलेले मार्क लेस्ली आणि प्राध्यापक चार्ल्स हॉलोवे यांनी २००६ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये याच चुकीबद्दल लिहिलं. नवं उत्पादन कसं विकायचं हे कंपनी अजून शिकत असते, आणि ते कळण्याआधी विक्रेत्यांची फौज उभी केली तर पैसा जळतो. बाहेरून आलेला माणूस तयार वाटेवर जोरात चालू शकतो. वाट मात्र तुम्हालाच काढायची आहे, कारण ग्राहकाचं म्हणणं ऐकून उत्पादन बदलण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे.

ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्या स्ट्राइप या कंपनीचे संस्थापक पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन हे भाऊही प्रोग्रॅमरच. कोणी ‘वापरून बघतो’ म्हणालं की ते लिंक पाठवत बसत नसत. ‘दे तुझा लॅपटॉप’ म्हणून तिथल्या तिथे सगळं बसवून देत. तुमचे पहिले दहा ग्राहक असेच, एकेक करून येतील. तेही शक्यतो एकाच प्रकारच्या व्यवसायातले निवडा, म्हणजे पहिल्याकडून शिकलेलं दुसऱ्याकडे उपयोगी पडेल. प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी ग्राहकाची वाक्यं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. ती वही वाचून तिसरा कोणी तुमच्याशिवाय एक व्यवहार पुरा करू शकेल असं वाटलं, की विक्रेता नेमण्याची जाहिरात द्या. आणि तेव्हाही एकाऐवजी दोघांना घ्या. एकटा अपयशी ठरला तर दोष माणसात की पद्धतीत, हे कळत नाही.