वाचकांचे प्रश्न : निसवलेला गहू आणि रिकामे झालेले वावर

प्रश्न : कपाशी काढून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेला गहू आत्ता, फेब्रुवारीच्या मध्यावर निसवला आहे, म्हणजे ओंब्या बाहेर पडल्या आहेत, आणि दुपारचे ऊन आताच तापू लागले आहे. हरभऱ्याचे वावर रिकामे झाले आहे. विहिरीचे पाणी एप्रिल अखेरपर्यंत पुरेल. घरी दोन बैल आणि दोन गवळाऊ गायी आहेत. रिकाम्या वावरात दाण्यासाठी मका घ्यावा, की चाऱ्याची ज्वारी? गव्हाला आणखी पाणी द्यावे का?
— एक कास्तकार, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : विहिरीतल्या पाण्यावर पहिला हक्क गव्हाचा आहे. ऊन वाढले की पीक आपले आयुष्य घाईने उरकते. दाणे भरायला जे दिवस मिळायला हवेत ते कमी होतात आणि ओंबी लांब दिसली तरी दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो. 2022 चा मार्च आणि 2023 चा फेब्रुवारी हे 1901 पासूनच्या नोंदींत सरासरी कमाल तापमानाने देशातले तोवरचे सर्वांत उष्ण ठरले, आणि 2022 मध्ये गव्हाला बसलेला फटका एवढा होता की त्या वर्षी मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबवावी लागली. उशिरा पेरलेल्या गव्हाला हा धोका अधिक असतो, म्हणून फुलोऱ्यात एक आणि दाणा चिकात (दुधाळ) असताना एक, अशी दोन पाणी चुकवू नयेत. ओलीत संध्याकाळी, वारा पडल्यावर आणि हलके करावे. ओंब्या जड झाल्यावर भर वाऱ्यात पाणी दिले तर गहू लोळतो. सोबत 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) हे खत 200 लिटर पाण्यात 4 किलो या प्रमाणात एकरी फवारावे आणि पंधरा दिवसांनी फवारणी पुन्हा करावी.

आता रिकाम्या वावराचे. दाण्यासाठी मका या वेळी पेरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आता पेरलेला मका एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात तुऱ्यावर येईल. तेव्हा आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, कोरड्या हवेत परागकण वाळतात आणि कणसे बोडकी राहतात. चाऱ्याला मात्र दाणा भरण्याची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे हेच ऊन, मुळाशी ओल असेपर्यंत, चारा झपाट्याने वाढवते.

म्हणून ‘आफ्रिकन टॉल’ हा चाऱ्याचा मका दहा-दहा गुंठ्यांच्या दोन तुकड्यांत पेरावा, पहिला लगेच आणि दुसरा दहा दिवसांनी. दर दहा गुंठ्यांना साडेसात किलो बियाणे लागते आणि दोन ओळींत 30 सेंटिमीटर अंतर ठेवतात. बेताचे उत्पन्न धरले तरी दहा गुंठ्यांत चार टन हिरवा चारा मिळावा. जनावरामागे रोज 20 किलो धरल्यास आपल्या चार जनावरांना तो पन्नास दिवस पुरतो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, लष्करी अळीची विष्ठा, म्हणजे लाकडाच्या भुशासारखा चुरा, दिसतो का ते पहिल्या महिन्यात दर दोन-तीन दिवसांनी पाहावे. पहिला तुकडा तुऱ्यावर येताच कापून खाऊ घालावा. दुसरा दाणा चिकात आल्यावर कुट्टी करून, हवा राहणार नाही असा दाबून, मुरघासाच्या (मुरवून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) पिशव्यांत भरावा. तो साधारण 45 दिवसांनी तयार होतो, म्हणजे धुऱ्यावर (बांधावर) गवत उगवण्याआधी जेव्हा गोठ्यात कुटाराखेरीज (सुक्या भुशाखेरीज) काही उरलेले नसते, नेमके तेव्हा हाताशी येतो.

ज्वारी कमी पाण्यावर तग धरते हे खरे. पण विहीर एप्रिलमध्येच आटणार असेल, तर तिच्यात एक जोखीम आहे, आणि ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. कोवळ्या, त्यातही पाण्याचा ताण बसून सुकू लागलेल्या ज्वारीत सायनाइडचे विष तयार होते. गुडघाभर पीक किंवा कापणीनंतर फुटलेले कोवळे धुमारे खाल्ले, की जनावराला किराळ लागते. श्वास जोरात चालतो, तोंडाला फेस येतो, जनावर लडखडून पडते, आणि तासाभराच्या आतही दगावू शकते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवावे, कारण सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर जनावर वाचू शकते. ज्वारी केलीच, तर निम्मे पीक फुलोऱ्यावर आल्याशिवाय कापू नये आणि बैल त्या धुऱ्याजवळ मोकळे सोडू नयेत.

प्रश्न : आमचे वावर खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीच्या पाण्यावर चाऱ्याचा मका होईल का? — एक वाचक, दर्यापूर

उत्तर : मका खारे पाणी फारसे सोसत नाही; पाने कडेने करपतात आणि वाढ खुंटते. चाऱ्यासाठी बाजरी घ्यावी. ती क्षार बऱ्यापैकी सहन करते आणि तिच्यात ज्वारीसारखा किराळ लागण्याचा धोका नाही. मात्र पेरण्यापूर्वी पाण्याचा नमुना तपासून घ्यावा, कारण सोडियम जास्त असलेल्या पाण्याने काळी जमीन घट्ट होते, आणि तो परिणाम पुढे खरिपातल्या कपाशीलाही भोगावा लागतो.