वाचकांचे प्रश्न : एकट्याच्या कामासाठी कंपनी काढावी का?

प्रश्न : गेली चार वर्षे मी नोकरी न करता करारावर तांत्रिक आरेखनाची कामे करतो. मिळकतीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग एकाच ग्राहकाकडून येतो. पुढचा करार मी स्वतःच्या नावाने न करता कंपनी काढून तिच्या नावाने करावा, असे आता त्या ग्राहकाने सुचवले आहे. कंपनी असली की कर वाचतो आणि घरदार सुरक्षित राहते, असे मित्रही सांगतात. हे कितपत खरे आहे?

उत्तर : कंपनीची नोंदणी होते तेव्हा कायद्याच्या दृष्टीने आपल्याहून वेगळी अशी एक व्यक्ती अस्तित्वात येते. ब्रिटनमध्ये हे तत्त्व 1896 साली हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाच्या, निकालाने पक्के झाले. ॲरन सॉलोमन या पादत्राणांच्या उत्पादकाने आपला चालता धंदा स्वतःच स्थापन केलेल्या कंपनीला विकला होता; तिच्या 20,007 भागांपैकी 20,001 त्याच्याकडे होते आणि उरलेले सहा घरच्याच सहा माणसांकडे. कंपनी बुडाल्यावर तिची देणी सॉलोमननेच फेडावीत, असा कौल खालच्या न्यायालयांनी दिला. हाउस ऑफ लॉर्ड्सने मात्र कंपनीची देणी ही कंपनीचीच, असे ठरवून तो फिरवला. आपले मित्र ज्या सुरक्षिततेविषयी बोलतात, तिचे मूळ येथे आहे.

ही सुरक्षितता एकट्याने काम करणाऱ्याच्या वाट्याला फार थोडी येते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. नव्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा संचालकाची वैयक्तिक हमी मागते, आणि त्या कर्जापुरते संरक्षण सही करताक्षणीच संपते. शिवाय आरेखनातील चूक आपल्या हातून झाली आणि तीमुळे कोणाचे नुकसान झाले, तर काम कंपनीच्या नावाने केले होते एवढ्यावरून आपण स्वतः सुटालच, असे अनेक देशांच्या कायद्यांत नाही. त्या धोक्यावरचा खरा उपाय व्यावसायिक जबाबदारीचा विमा हा आहे, आणि तो कंपनी न काढताही घेता येतो. घरखर्च आणि कंपनीचा पैसा एकाच खात्यातून फिरू लागला, तर न्यायालय कंपनीचा पडदा बाजूला सारून थेट मालकाकडे पाहू शकते, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वेगळीच वाटते, ती म्हणजे ही सूचना ग्राहकाकडून आली आहे. एकाच ठिकाणी, त्यांच्या वेळेनुसार, त्यांच्या साधनांनी आणि त्यांच्या देखरेखीखाली काम करणारा माणूस कागदोपत्री स्वतंत्र असला, तरी कायदा त्याला कर्मचारी मानू शकतो, आणि तसे झाले तर कर्मचाऱ्याचे हक्क व त्यापोटीच्या वर्गण्या यांचा भार ग्राहकावर येतो. मध्ये कंपनी उभी केली की हा प्रश्न मिटतो, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. ब्रिटनमध्ये अशाच व्यवस्थेला आळा घालण्यासाठी एप्रिल 2000 पासून ‘आयआर35’ या नावाने ओळखले जाणारे नियम लागू झाले, आणि एप्रिल 2021 पासून कामाचे खरे स्वरूप ठरवण्याची जबाबदारी खासगी क्षेत्रातील मध्यम व मोठ्या ग्राहकांवर आली. कॅनडात अशी कंपनी ‘वैयक्तिक सेवा व्यवसाय’ ठरली, तर लहान कंपन्यांना मिळणारी कराची सवलत जाते आणि बहुतेक खर्चांची वजावटही मिळत नाही. म्हणजे कंपनी काढण्याचा भुर्दंड आपल्याला, आणि फायदा असलाच तर ग्राहकाला! आपल्या जागी दुसऱ्या जाणकाराला कामावर पाठवण्याची मुभा करारात आहे का, काम बिघडल्यास ते स्वखर्चाने सुधारून द्यावे लागते का आणि दुसऱ्या कोणाचे काम घेण्याची मोकळीक आहे का, हे आधी तपासावे.

कराचे गणित त्यामानाने सोपे आहे. सर्वसाधारणपणे कंपनी नफ्यावर कर भरते, आणि उरलेला पैसा लाभांश म्हणून आपण घेतला की अनेक देशांत त्यावर आपल्यालाही कर लागतो. त्यामुळे वर्षाचा बराचसा नफा घरी न नेता कंपनीतच ठेवता येत असेल, तरच बचत दिसू लागते. सगळी मिळकत घरखर्चात जात असेल, तर हिशेबनिसाची फी, वार्षिक विवरणपत्रे आणि पुढे कंपनी बंद करण्याचा खर्च धरून तोटा होण्याचीच शक्यता अधिक. आरंभीच्या वर्षांत तोटा झाला, तर तोही बहुधा कंपनीतच अडकतो. तो आपल्या इतर उत्पन्नातून वजा करता येत नाही.

माझे मत विचाराल, तर आपण तूर्त थांबावे. दुसरा आणि तिसरा ग्राहक मिळेपर्यंत विमा घेऊन स्वतःच्या नावानेच काम करावे, आणि कंपनी हवीच असा ग्राहकाचा आग्रह असेल, तर त्याचे कारण त्याच्याकडून लेखी मागावे.

प्रश्न : मी गेल्या महिन्यात कंपनीची नोंदणी केली. जुने करार आपोआप कंपनीच्या नावावर होतात का?

उत्तर : नाही. ते करार आपण व्यक्ती म्हणून केलेले असल्याने प्रत्येक ग्राहकाच्या संमतीने नवा करार करावा लागेल. तोवर त्या कामांची बिले आपल्याच नावाने द्यावीत. आधी केलेल्या कामाचे हक्क कंपनीकडे जावेत असे वाटत असेल, तर त्यांचे हस्तांतरणही लेखी करून घ्यावे. कंपनीच्या नावाने स्वतंत्र बँक खाते अजून उघडले नसेल, तर पहिले बिल पाठवण्यापूर्वी ते उघडावे.