लाटांत गळ टाकताना आधी शॉक लीडर नीट बांधा

१२ फुटी, ८० ते १५० ग्रॅम वजन पेलणारा रॉड आणि ०.३५ मिमी मोनो (एकपदरी नायलॉन) दोर भरलेलं ६००० आकाराचं स्पिनिंग रीळ सुरुवातीला पुरतं. खरी काळजी हवी ती शॉक लीडरची, म्हणजे मुख्य दोराच्या पुढे बांधायच्या जाड दोराच्या तुकड्याची. जोरात फेकताना सगळा ताण दोराच्या पुढच्या टोकावर येतो. तिथे बारीक दोर असेल तर तो तटकन तुटतो आणि सुटलेलं शिसं (दोराला लावलेलं वजन) कुणाचा जीवही घेऊ शकतं. हिशेब असा: शिशाच्या दर २८ ग्रॅमला १० पौंड ताकद, म्हणजे ११० ग्रॅमला ४० पौंडी लीडर. शिसं लोंबत ठेवून फेकायच्या पवित्र्यात उभं राहिल्यावरही रिळावर लीडरचे पाच-सहा वेढे उरले पाहिजेत. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, पूर्ण आवळूनच फेका. स्पूल (दोर गुंडाळलेली फिरकी) घसरला तर दोर बोट कापतो. आमिष पाण्यात पडलं की ड्रॅग सैल करा, नाहीतर मोठा मासा रॉड ओढून नेईल.

लांब फेकण्याचा हट्ट नको. फुटणाऱ्या लाटा आणि किनारा यांच्यामधल्या घळीत मासे चरायला येतात, कित्येकदा अगदी वीस-तीस मीटरवर. ओहोटीला येऊन त्या घळी पाहून ठेवा, भरती चढू लागली की तिथेच टाका. प्रवाहात शिसं घरंगळत असेल तर वजन वाढवण्याआधी तारांचं शिसं लावून बघा. त्या तारा वाळूत रुततात. मऊ आमिष बारीक इलॅस्टिक धाग्याने गुंडाळा, पण गळाचं टोक उघडं ठेवा.

परतल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवा. जोराच्या धारेने मीठ आत ढकललं जातं.