मागच्या अॅक्सलला डिफरेंशियल लॉक घ्यावं का?

भाऊ, हे लॉक मागच्या अॅक्सलची, म्हणजे दांड्याची, दोन्ही चाकं एकमेकांशी जखडतं. आधी एक सांग: पावसाळ्यात पिकअप पांदण रस्त्यानं वावरात न्यावा लागतो का? डांबरी रस्त्यानं नुसता कापूस जिनिंगला न्यायचा असेल, तर पैसे वाचव.

काळ्या मातीत मागचं एक चाक जागेवर गरगरतं, दुसरं ढिम्म हलत नाही. लॉक लावलं की दोन्ही संगं फिरतात. पण टायर गुळगुळीत असले तर दोन्ही संगंच घसरतात, म्हणून पहिला खर्च टायरवर कर. रिकामी गाडी मागून हलकी असते. चार पोती टाकून बघ, बराच फरक पडतो.

नवे लोक चुकतात ते इथं:
- चाक गरगरत असताना लॉक लावतात. चिखलात शिरण्याआधी, गाडी थांबवून लाव.
- डांबरावर आल्यावर काढत नाहीत. मग वळताना टायर घासतात, अॅक्सलवर ताण येतो.

कोणतं लॉक घ्यायचं, ते गाडीचं मॉडेल सांगितलंस की बोलू.