हार्वेस्टिंगला कापणी नको, वेचणी म्हणा

प्रश्न असा आलाय की कॉलेजच्या प्रोजेक्टचा मराठी सारांश लिहायचाय, विषय आहे पीझोइलेक्ट्रिक (म्हणजे दाबली-वाकवली की वीज देणारी) पॉलिमर फिल्म वापरून व्हायब्रेशनमधून एनर्जी हार्वेस्टिंग, तर 'स्पंदनांतून ऊर्जेची कापणी' चालेल का?

मला 'कापणी' अजिबात पटत नाही. कापणी म्हटलं की आधी कुणीतरी पेरलेलं असतं, राखलेलं असतं, आणि पीक भरपूर असतं. इथे तसं काहीच नाही, मोटर किंवा पंप आपल्या कामासाठी फिरतोय, त्याची थरथर अशीच वाया चाललीय, त्यातलं थोडंसं आपण उचलतो. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, सरवा. भुईमूग काढून झाला की मातीत ज्या शेंगा राहतात त्या वेचायला आजी आम्हा पोरांना पाठवायची, दुपारभर वेचून एखादी ओंजळ व्हायची, पण ती ओंजळ कामाची असायची. या फिल्मचंही तसंच आहे, मिळणारी पॉवर बहुतेक वेळा मायक्रोवॅटमध्ये मोजतात, म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग, त्यावर घरातला बल्ब लागणार नाही पण थोडी थोडी कपॅसिटरमध्ये साठवली तर मधूनमधून जागा होऊन तापमान कळवणारा एखादा छोटा सेन्सर चालू शकतो. म्हणून माझं मत 'ऊर्जावेचणी'. कापसाची वेचणी सगळ्यांना माहीत आहे, समजवायला लागत नाही. सरवा हा शब्द समजावून सांगताना वापरा, शीर्षकात मात्र शहरातल्या वाचकाला अडेल.

पीझोइलेक्ट्रिकला 'दाबविद्युत' हा शब्द वापरात आहे आणि तो चांगलाय. झाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांवर दाब देऊन हा गुण दाखवला, पुढच्याच वर्षी हांकेल या जर्मन शास्त्रज्ञाने नाव सुचवलं ते दाबणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, म्हणजे आपला शब्द मुळाला धरूनच आहे. फक्त एक जपा, 'फिल्म दाबून ठेवली की वीज मिळत राहते' असं वाक्य लिहू नका. दाब बदलतो तेव्हाच वीज मिळते, नुसतं वजन ठेवून दिलं तर सुरुवातीला एक झटका आणि मग काही नाही, म्हणून तर सतत हलणारी वस्तू लागते. आणि फिल्म इतकी पातळ असते की ती दाबण्यापेक्षा वाकवून ताणणं जास्त सोयीचं पडतं, तिथे सरळ 'ताण' लिहा. पीव्हीडीएफ या प्लॅस्टिकमधला हा गुण जपानच्या हेइजी कावाई यांनी 1969 मध्ये दाखवला, सिरॅमिकपेक्षा तो बराच कमी आहे पण ही फिल्म वाकवली तरी तुटत नाही, हा तिचा मोठा फायदा.

राहिलं व्हायब्रेशन. 'स्पंदन' काळजाचं, नाडीचं, ते इथे नको. मशीनचं 'कंपन', आणि खड्ड्यातून जाणाऱ्या गाडीचे 'हादरे', कारण ते एका लयीत नसतात, आणि हा फरक तुमच्या विषयात महत्त्वाचा आहे, फिल्मची पट्टी मशीनच्या कंपनाशी जुळवून घेता येते, हादऱ्यांशी जुळवणं अवघड.

पॉलिमरला 'बहुवारिक' आहे, पण पॉलिमरच ठेवा, सगळ्यांना कळतं. शीर्षक 'यंत्राच्या कंपनांतून ऊर्जावेचणी: दाबविद्युत पॉलिमर फिल्मचा वापर' असं करता येईल.