डाव मांडलास, पण तू बसलीसच नाहीस

पत्र असं आहे:

"ताई, आम्ही मालवणजवळ किनाऱ्यावर राहतो. नवरा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे. 1 जूनला मासेमारी बंद झाली की तो घरी असतो, पण घरातली चार माणसं चार कोपऱ्यांत आणि मी स्वयंपाकघरात. मुलगा 15 वर्षांचा, मोबाईल सोडत नाही. मुलगी 7 वर्षांची. सासूबाई 74 वर्षांच्या. म्हणून शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून खेळायचं असं मी ठरवलं. मुलापासून सुरुवात करून मोबाईल टोपलीत ठेवायला लावले, कॅरम काढला, भजी तळली. धाकटी हरली म्हणून रडली, आजीचा हात थरथरतो म्हणून मुलगा हसला, नवऱ्याचा फोन वाजला तसा तो उठून गेला. पुढच्या शनिवारी पत्ते काढले तर सासूबाई काही न बोलता आत गेल्या. त्यांच्या वडिलांनी पत्त्यांवर बरंच घालवलं होतं, असं नवऱ्याने नंतर सांगितलं. आता वाटतं, कशाला हा खटाटोप?"

गो बाय, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. "चार माणसं चार कोपऱ्यांत आणि मी स्वयंपाकघरात" हे तूच लिहिलंयस. दोन्ही शनिवारांचं सगळं सांगितलंस, पण तू कुठली सोंगटी मारलीस, तुझे किती गुण झाले, हे कुठेच नाही. तू भजी तळत होतीस. सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून धडपडणारीच चुलीपाशी उभी राहिली, तर बाकीच्यांना ते घरातलं आणखी एक काम वाटतं. म्हणून पहिली गोष्ट: शनिवारी तळण बंद. फणसाच्या आठळ्या दुपारीच मीठ घालून उकडून ठेव, रात्री कुळथाची पिठी आणि भात कर, आणि साडेआठला तू सगळ्यांच्या आधी बसलेली दिसायला हवीस.

आता पत्ते. ते कपाटात जाऊ देत. सासूबाई उठून गेल्या तो रुसवा नव्हे. ज्या घरात पत्त्यांपायी भांडी-दागिने जातात, त्या घरातल्या पोरीला पत्ते पिसल्याचा आवाज वेगळाच ऐकू येतो. बदाम सात किती निरुपद्रवी आहे, हे त्यांना समजावायला जाऊ नकोस. कधी त्या आपणहून बोलल्या तर ऐकून घे. आणि कुठल्याही खेळात पैसे नकोत, गंमत म्हणून रुपया-रुपयासुद्धा नको. गणपतीत जागरणाला मुंबईहून दीर-भावजया येतील तेव्हाही हे आधीच सांगून ठेव.

मग खेळायचं काय? कॅरममध्ये तुझा मुलगाच जिंकणार, त्याची बोटं तशी आहेत. सगळ्या वयांचा खेळ म्हणजे ज्यात म्हाताऱ्या माणसाला असं काही येतं, जे तरण्याला येत नाही. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. पावसात लाईट गेली की आजी ओटीवर सागरगोटे काढायची आणि आम्ही सगळी नातवंडं तिच्यापुढे हरायचो. तिच्याकडून हरण्याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही, उलट पुन्हा पुन्हा हरायला बसायचो. तुझ्या सासूबाईंचा हात थरथरतो, तेव्हा सागरगोटे नकोत. पण त्यांचं डोकं आणि जीभ शाबूत आहे ना?

नाव-गाव-फळ-फूल तुला ठाऊक आहे. त्यातलं फूल काढ आणि तिथे 'मासा' घाल. एक अक्षर निघालं की प्रत्येकाने चारही रकाने भरायचे. दुसऱ्या कुणाचं तेच असेल तर 5 गुण, कुणाचंच नसेल तर 10. तुझा नवरा म्हणेल, मासे म्हणजे माझा प्रांत. पण ट्रॉलरच्या जाळ्यात येतं ते त्याला माहीत. खाडीतलं, खडपावरचं, पाटीत घेऊन दारोदार विकलेलं त्याच्या आईला माहीत. त्या दोघांची जुंपेल ती बघण्यासारखी असेल.

लिहायचं कसं, हा प्रश्न येईल. त्याचंच मला सगळ्यात जास्त मोल वाटतं. जोड्या लावून खेळा: सासूबाई सांगतील, मुलगा लिहील. दोन्ही हात कागद-पेनात गुंतले की मोबाईलसाठी हात उरत नाही. शिवाय ज्या आजीला तो हसला, तिच्याच जोरावर तो जिंकणार आहे. त्याला त्या हसण्याबद्दल आता वेगळं बोलू नकोस. धाकटी बाबांच्या बाजूला. बाबा एरवी समुद्रावर असतो, तिला त्याच्या मांडीला मांडी लावून बसायला मिळू दे. तू एकटी खेळ आणि मन लावून खेळ, मुद्दाम हरू नकोस. धाकटीसाठीही कुणी मुद्दाम हरायचं नाही, मुलांना ते लगेच कळतं. पहिला लिहून झालेला "स्टॉप" ओरडतो, तो नियम तेवढा काढून टाक. त्याऐवजी मोठ्याने शंभरपर्यंत आकडे म्हणा, म्हणजे सावकाश आठवणाऱ्यालाही वेळ मिळेल. पाच अक्षरं झाली की उठायचं. अजून एक, अजून एक असं पोरं म्हणत असतानाच थांबव.

टोपलीची कल्पना वाईट नाही, पण सुरुवात मुलापासून केलीस तिथे चुकलं. आधी तांडेलाचा मोबाईल जाऊ दे, मग तुझा, मग मुलाचा. अडीनडीला एक फोन चालू लागतो, तो सासूबाईंच्या हाताशी असू दे. कुणाचा उचलायचा आणि कुणाला उद्या बघू म्हणायचं ते त्या ठरवतील.

धाकटीच्या वाट्याचा म्हणून एक खेळ घरीच करा. सावंतवाडीचा गंजिफा पाहिलायस? गोल, हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा खेळ. दशावतारी गंजिफात 120 पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. तो खेळ शिकायला अवघड, तो राहू दे. फक्त अवतार घे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे 20 गोल काप, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतार दोनदा रंगवा, पालथे मांडा आणि जोड्या शोधा. कुठली चकती कुठे होती हे लहान मुलांच्या छान लक्षात राहतं, तिथे ती तुम्हा सगळ्यांना हरवेल. आणि रात्र-रात्र दशावतारी नाटकं बघितलेल्या सासूबाई प्रत्येक चकतीला एखादी गोष्ट सांगू लागल्या, तर खेळ तिथेच थांबला तरी चालेल.

कॅरम पाऊस सरेपर्यंत भिंतीला टेकवून ठेव. पुढे बाप-लेक दोघंच खेळतील, खेळू देत. गणपतीत घर भरलं की गावांच्या भेंड्या लावा, माणसं जास्त असली की त्याला तोड नाही.

एक लक्षात असू दे, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की तुझा नवरा पुन्हा बोटीवर जाणार. म्हणजे हातात थोडेच शनिवार आहेत. म्हणून दोन शनिवार फसले म्हणून तिसरा सोडू नकोस.

या शनिवारी 'म' अक्षर घे. गाव म्हणून मालवण सगळेच लिहितील, 5 गुण. मसुरे, मिठबाव ज्याला सुचेल त्याला 10. माशांत मोरी, मांदेली, मुडदुशे निघतील. कुणीतरी 'मुळे' लिहील आणि शिंपल्यातला जीव मासा म्हणायचा की नाही, यावर तंटा होईल. तेव्हा तो निकाल द्यायचा अधिकार सासूबाईंकडे, हे खेळ सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाक.